लाँड्रीत बसून वाचलेली कादंबरी

ताई, सप्रेम नमस्कार.

मी ४६ वर्षांची, मूळची सांगलीची. गेली अठरा वर्षं अमेरिकेत, मेरीलँडमधल्या गेथर्सबर्गला राहते. मुलीचं हायस्कूल जूनमध्ये संपलं. ऑगस्टअखेर ती कॉलेजला जाईल, गाडीने चार तासांवर. खोली आवरताना तिने जुन्या पुस्तकांचं एक खोकं लायब्ररीच्या सेलसाठी बाजूला काढलं. त्यात ॲन ब्रॅशर्सची 'गर्ल्स इन पँट्स' होती. सहज उघडली आणि दोन रात्रींत संपवली. तीही लाँड्री रूममध्ये, ड्रायरशेजारी स्टुलावर बसून, कारण हॉलमध्ये सगळ्यांसमोर वाचायची लाज वाटली. चार मैत्रिणी, चौघींत मिळून एक जीन्सची पँट आणि हायस्कूल संपल्यानंतरचा उन्हाळा. शेवटी शेवटी मी रडले.

नेमकं तेव्हा नवऱ्याने पाहिलं. "शाळकरी पोरींचं पुस्तक वाचून रडतेस?" मुलगी म्हणाली, "आई, ते मी सातवीत वाचलंय." आमच्या मंडळाच्या वाचनगटात दर महिन्याला एक वजनदार मराठी कादंबरी असते. तिथे तर हे सांगायची सोयच नाही.

आम्हीही चौघी होतो. दहावी १९९५. एक अजून सांगलीतच आहे, एक पुण्याला, एक सुरतला. सुरतवालीशी बोलणं होऊन दहा-अकरा वर्षं झाली. भांडण नाही, काही नाही. बाकी तिघींचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे, त्यावर रोज सकाळी फुलं येतात.

माझं हे वाचणं पोरकट आहे का? आणि मुलीला सांगू का, की बाई गं, मैत्रिणी सोडू नकोस, आमच्यासारखं करू नकोस?

– चौघींतली एक

प्रिय 'चौघींतली एक',

ताई म्हणालीस, तेव्हा अहो-जाहो बाजूला ठेवते.

पत्र वाचून आधी हसू आलं, ते सांगून टाकते. त्या चौघींनी पँट वापरायचे दहा नियम केलेत आणि पहिलाच नियम असा की पँट कधीही धुवायची नाही. तू तिची गोष्ट वाचलीस कुठे, तर लाँड्रीत!

पुस्तक माझं वाचलेलं आहे. भाची एकदा महिनाभर राहायला आली होती, ती जाताना या मालिकेतले तीन भाग माझ्याकडे टाकून गेली. मी साठी ओलांडलेली बाई. दुपारी पाय वर घेऊन तिन्ही वाचले. लपवायला घरात कुणी नव्हतं म्हणून लपवले नाहीत, एवढाच तुझ्या-माझ्यात फरक.

पोरकटपणाचं आधी उरकू, कारण तो तुझा खरा प्रश्न नाही. तुझ्यासारख्या खूप आहेत. २०१२ मध्ये अमेरिकेतल्या बाउकर या संस्थेने पुस्तकखरेदीची पाहणी केली, तेव्हा बारा ते सतरा वयासाठी म्हणून छापलेल्या पुस्तकांचे निम्म्याहून जास्त खरेदीदार, नेमके ५५ टक्के, अठराच्या पुढचे निघाले. त्यातही सगळ्यात मोठा गट तीस ते चव्वेचाळीस वयाचा, आणि बहुतेकांनी सांगितलं की आम्ही स्वतःच वाचायला घेतो. नवऱ्याला हे ऐकवायचं असेल तर ऐकव, पण त्याने सिद्ध काहीच होत नाही. खूप लोक सकाळी फुलंही पाठवतात.

उलट बाजूही आहे. २०१४ मध्ये रूथ ग्रॅहम यांनी 'स्लेट' या अमेरिकी ऑनलाइन मासिकात लेख लिहिला की मोठ्यांनी मुलांसाठीची पुस्तकं वाचताना खुशाल ओशाळावं. त्यांचं एक म्हणणं असं की या पुस्तकांचे शेवट फार समाधानाचे असतात, सगळं नीट जुळून येतं, आणि खरं आयुष्य तसं नसतं. त्यांच्या म्हणण्यात तथ्य अजिबात नाही असं मी म्हणणार नाही. चौघींतल्या ब्रिजेटचं आणि एरिकचं प्रकरण मी स्वतः भराभर पानं उलटून संपवलं. फुटबॉलच्या कॅम्पवर तोच मुलगा पुन्हा भेटतो काय, आजारी पडतो काय, ही शुश्रूषा करते काय. आपल्या जुन्या दिवाळी अंकांत याहून बरी प्रेमप्रकरणं असायची. पण तू रडलीस ती एरिकसाठी नाही, हे मी पैजेवर सांगते.

ज्यांनी ही पुस्तकं वाचलेली नाहीत, त्यांच्यासाठी दोन शब्द. लेना, टिबी, ब्रिजेट आणि कार्मेन या बेथेस्डाच्या मुली. म्हणजे पत्रलेखिकेच्या जवळच्याच. गेथर्सबर्गशेजारच्या शेडी ग्रोव्हहून निघणारी मेट्रोची लाल लाइन बेथेस्डावरूनच जाते. लेखिका स्वतः शेजारच्या चेव्ही चेसमध्ये वाढलेली. पहिला भाग २००१ चा. त्यात जुन्या कपड्यांच्या दुकानातून आणलेली एक पँट चौघींना, चार तऱ्हेच्या अंगांना, एकसारखी बसते. मग दर उन्हाळ्यात जी जिथे असेल तिथे ती पोस्टाने फिरते. 'गर्ल्स इन पँट्स' हा तिसरा भाग, २००५ चा. हायस्कूल संपलंय, सप्टेंबरपासून चौघी वेगवेगळ्या कॉलेजांत जाणार, आणि हा घरचा शेवटचा उन्हाळा.

आता गंमत बघ. मैत्रीची कादंबरी म्हणून आपण वाचतो, पण चौघी एकत्र असलेली पानं त्यात किती? सुरुवातीला थोडी, शेवटी समुद्रावर थोडी. मधल्या सगळ्या पुस्तकभर त्या एकमेकींना फारशा भेटतच नाहीत. काय करतात? एकमेकींच्या घरची कामं. कार्मेन लेनाच्या आजीला सांभाळायची नोकरी धरते. आणि कार्मेनच्या आईला अवेळी कळा सुरू होतात, तेव्हा कार्मेन आणि तिचे सावत्र वडील दोघंही वेळेवर पोचू शकत नाहीत. तर तिथे हात धरायला उभी राहते ती टिबी. अठराचीही पुरती नाही, आणि मैत्रिणीच्या आईचं बाळंतपण! त्यात टिबी ही चौघींतली सगळ्यात कोरडी, तिरकस बोलणारी, आणि त्या उन्हाळ्यात आतून हादरलेली. तिची धाकटी बहीण खिडकीतून पडलेली असते आणि खिडकी उघडी राहिली ती आपल्यामुळे, हे तिच्या मनातून जात नाही. अशी मुलगी दुसऱ्याच्या घरचं बाळ जगात येताना तिथे थांबते, पळून जात नाही. मी ती पानं दोनदा वाचली. आपल्याकडे बाळंतपण करणं हे आईचं, मावशीचं, फार तर शेजारच्या काकूंचं काम. मुलीच्या मैत्रिणीवर कुणी सोपवेल का? ब्रॅशर्सबाईंनी सोपवलं. मैत्री किती खरी हे दाखवायला त्यांनी दोघींना गळ्यात गळे घालून रडवलं नाही, कामाला लावलं.

तू पत्रात लेनाच्या आजीचा उल्लेखही केला नाहीस, याचं मला नवल वाटलं. की मुद्दाम टाळलास? नवरा वारल्यावर वालियाला तिचा मुलगा ग्रीसमधल्या सांतोरिनीहून उचलून मेरीलँडला घेऊन येतो. चांगल्या मनाने आणतो. आणि त्या म्हातारीला तिथलं काही म्हणजे काही आवडत नाही. सगळ्यांवर खेकसते, घर, जेवण, हवा, सगळ्याला नावं ठेवते, कारण तिला एकच गोष्ट हवी असते, तिचं घर, आणि ती मागायची सोय नसते. तुमच्या भागात, बेसमेंटच्या पायऱ्यांवर बसून 'सहा महिने कधी संपतात' म्हणून कॅलेंडर बघणाऱ्या किती सासवा आणि आया असतील, ते मला नको सांगूस. लेनाच्या घरच्यांना जे दिसत नाही ते कार्मेनला, बाहेरच्या मुलीला, दिसतं. शेवटी वालिया परत जाते. आणि लेना रिझडीच्या, म्हणजे ऱ्होड आयलंडच्या डिझाइन कॉलेजच्या शिष्यवृत्तीसाठी घरच्या एकेकाला समोर बसवून त्यांची चित्रं काढते, तेव्हा चिडलेल्या बापाचा आणि त्या म्हातारीचा चेहरा ती आयुष्यात पहिल्यांदा नीट बघते. टीनएजरांचं पुस्तक म्हणून याला हसायचं असेल तर नवऱ्याने आधी ती पानं वाचावीत आणि मग हसावं.

पण तुला जिथे लागलं ती जागा ही नाही. ती जागा पुस्तकात फार लहान आहे, आणि तू ती वाचून पुढे गेली असशील.

त्या चार मुली मैत्रिणी झाल्या कशा? त्यांच्या आया मैत्रिणी होत्या म्हणून. चौघी गरोदर असताना एका व्यायामशाळेत, गरोदर बायकांच्या एरोबिक्सच्या वर्गात भेटल्या. चौघींच्या तारखा सप्टेंबरच्या सुमाराच्या, म्हणून त्या गटाचं नावच 'सप्टेंबर' पडलं. सतरा दिवसांच्या आत चारही मुली जन्मल्या. त्या आया काही वर्षं एकमेकींच्या घरी पडीक असायच्या, मुलींना एकत्र खेळायला सोडून गप्पा मारत बसायच्या. आणि मग हळूहळू पांगल्या. ब्रिजेटची आई गेल्यावर तर उरलेल्या तिघींना समोरासमोर बसणंही जड झालं असावं. मुलींना ते दिसतं आणि नीट कळत नाही. मुली दर उन्हाळ्याच्या सुरुवातीला त्याच व्यायामशाळेत रात्री गुपचूप शिरून, मेणबत्त्या लावून, पँट वाटून घेतात. आयांची मैत्री जिथे सुरू झाली, तिथे.

तू सतरा वर्षांच्या मुली बघून रडलीस असं तुला वाटतंय. मला वाटतं तू त्या आयांपैकी एक आहेस आणि तसंच वाचलंस. भांडण नाही, काही नाही, असं तू लिहिलंयस. 'सप्टेंबर'मधल्या बायकांनाही विचारलं असतं तर त्यांनी हेच सांगितलं असतं.

आता सांग, आपल्या भाषेत हे तू कुठे वाचलं असतंस? माझ्या लहानपणी साहसं करायची ती फास्टर फेणेने. नंतर मिलिंद बोकिलांची 'शाळा' आली, २००४ मध्ये. मला फार आवडते. पण नववीतला मुकुंद शिरोडकरकडे बघतो म्हणून आपल्याला शिरोडकर दिसते. तिच्या बाकावरची मैत्रीण तिला मधल्या सुट्टीत काय म्हणाली, हे मुकुंदाला कळत नाही, म्हणून आपल्यालाही नाही. भोंडल्याची गाणी आठव. फेर कुणाचा? मैत्रिणींचा. हातात हात कुणाचे? मैत्रिणींचे. आणि गाण्यात कोण? सासू, नणंद, दीर, माहेरचा वैद्य. फेर धरणाऱ्या स्वतः गाण्यात नाहीतच. असल्या तर कुठे, तर खिरापत ओळखताना होणाऱ्या गोंगाटात. तुला ४६ व्या वर्षी, परक्या भाषेत, मैत्रिणीच गाण्याचा विषय असलेलं गाणं भेटलं. त्याची लाज कसली?

एका गोष्टीत मात्र मला त्या पुस्तकाची गंमत वाटते. एक पँट चौघींना बसते ही म्हणे जादू! अगं, आपल्याकडे साडी चौघींना काय, चाळीसजणींना बसते. अडतं ते ब्लाउजपाशी.

आमच्याकडे तशी एक साडी होती. पुण्यात हॉस्टेलला आम्ही चौघी एका खोलीत, १९८३ पासून तीन वर्षं. सोलापूरच्या मुलीकडे तिच्या आईने दिलेली डाळिंबी इरकल होती, लाल काठाची. खोलीतल्या कुणाचाही बघण्याचा कार्यक्रम ठरला की तीच साडी. ब्लाउज ज्याचे त्याचे, पदराला पिन चौघींत एकच. नेसून आल्यावर उन्हात टाकायची नाही, सावलीत वारा द्यायचा, घडी मोडून दुसरी घडी घालायची आणि जिची पाळी असेल तिच्या ट्रंकेत ठेवायची. एकीच्या कार्यक्रमात मुलाच्या आत्याने पोह्यांची बशी कलंडवली, तो हळदीचा डाग पदराच्या आतल्या बाजूला राहिला. तिथे आलेला नकार आम्ही त्या डागावर ढकलला. पुढे त्याच डागासकट मालकिणीचं स्वतःचं इंदूरला जमलं. शेवटच्या परीक्षेनंतर धावपळीत ती गेली, तेव्हा साडी माझ्या ट्रंकेत होती. माझी पाळी होती ना.

ती अजून माझ्याकडेच आहे. सुरुवातीला 'भेटू तेव्हा देईन' म्हणून राहिली. मग इतकी वर्षं झाली म्हणून राहिली. माझ्या वहीत तिचा जो नंबर आहे तो सहा आकडी आहे, म्हणजे बघ.

म्हणून तुला 'अगं, एक फोन तर करायचा' असं तोंड वर करून सांगण्याचा मला हक्क नाही. पण हे असं का होतं, याबद्दल थोडं सांगता येईल. जेफ्री हॉल नावाच्या कॅन्ससच्या प्राध्यापकांनी काही वर्षांपूर्वी हिशोब मांडला की अनोळखी माणूस जवळचा मित्र व्हायला साधारण दोनशे तास सोबत जावे लागतात. आता दहावीचा वर्ग घे. एका बाकावर, रोज पाच तास, जूनमध्ये शाळा सुरू झाली की गणपती येईतो दोनशे तास कधीच भरलेले. त्यासाठी तुम्ही काही केलं नाही. घंटा शाळेने दिली, बाक शाळेने दिला, बाईंनी शेजारी बसवलं. मैत्री तुमची, पण तिचा सगळा कारभार शाळेकडे होता. शाळा संपली की कारभार अचानक आपल्या गळ्यात पडतो आणि तो कसा करायचा हे कुणी शिकवलेलं नसतं. त्यात तिकडे हायस्कूल अठराव्या वर्षी संपतं. तुमच्या चौघींची फाटाफूट तर सोळाव्याच वर्षी झाली असेल, अकरावीला सायन्स की कॉमर्स यावर.

दुसरी एक पाहणी इंग्लंडमधली, सॅम रॉबर्ट्स आणि रॉबिन डनबार यांची. शाळा संपवून पुढे निघालेल्या तीस मुलामुलींचा त्यांनी दीड वर्ष माग ठेवला. घरच्यांशी नातं अंतराने फारसं ढिलं पडलं नाही, मैत्र्या पडल्या. ज्या टिकल्या त्यांत मुलींच्या बहुतेक बोलण्यावर टिकल्या आणि मुलांच्या एकत्र काहीतरी करण्यावर. तीस ही संख्या लहान, मला मान्य आहे, पण माझ्या अनुभवाशी जुळतं. फुलांचा फोटो मात्र ना बोलणं, ना करणं. तो फक्त हजेरी.

तर आता कामाचं.

मुलीला ते वाक्य सांगू नकोस. 'आमच्यासारखं करू नकोस' हे ऐकायला उपदेश वाटतं, पण आत असतं ते तुझं दुखणं, आणि जाणाऱ्या मुलीच्या बॅगेत ते भरू नये. तिच्या मैत्रिणी तिच्या आहेत. त्या सगळ्या टिकणार नाहीत, आणि टिकल्या नाहीत तर तो तिचा किंवा तुझा दोष नाही. तुला करण्यासारखं दुसरं आहे. नोव्हेंबरात थँक्सगिव्हिंगला ती पहिल्यांदा घरी येईल, बुधवारी रात्री पोचेल आणि रविवारी निघेल. तू तीन दिवस आधीपासून पुरणाचा घाट घातलेला असशील. आणि ती बॅग टाकून, हातपाय धुऊन, "आई, जरा येते," म्हणून निघेल, कारण तिच्या मैत्रिणीही त्याच चार दिवसांसाठी आलेल्या असतील. त्या वेळी तोंड पाडू नकोस. पोळ्या रात्री अकरालाही गरम करता येतात, आणि जमलं तर त्या पोरींनाच घरी बोलाव. तुझ्या स्वयंपाकघरात त्या ओट्याला टेकून बसल्या तर तू त्यांच्यात बसू नकोस. कानावर पडेल तेवढं पडू दे.

तुझ्या ग्रुपचं म्हणशील तर मला त्या पँटमध्ये सगळ्यात शहाणपणाची गोष्ट जादू वाटत नाही, पाळी वाटते. ती पँट म्हणजे भिशीच आहे. नियम लिहिलेले, क्रम ठरलेला, एकीने लांबवली तर दुसरीचा खोळंबा. भिशीत बायका काय पैशासाठी जातात? हजार-दोन हजार रुपयांनी कुणाचं काय होतं! 'या महिन्यात तुझ्याकडे' या एका वाक्यासाठी जातात. आठवण आली म्हणून फोन करायचं ठरवलं तर वर्ष जातं. पाळी आली म्हणून फोन करायचा असेल तर तो होतो. तुम्ही तिघींनी पाळी लावा. महिन्याचा एक रविवार, तुझ्याकडे सकाळी साडेआठ म्हणजे उन्हाळ्यात इकडे संध्याकाळचे सहा. नोव्हेंबरात तुमची घड्याळं मागे गेली की तासाचा फरक पडेल, ते ध्यानात ठेव. जिची पाळी तिने बाकीच्यांना फोन लावायचा आणि एक काहीतरी पाठवायचं. काय ते तिचं तिने ठरवावं. सांगलीवालीने भडंग पाठवलं तर उत्तम. इकडून तिकडे जाणारं कुणी ना कुणी तुमच्याकडे असतंच, त्यांच्या बॅगेत अर्ध्या किलोची जागा नेहमी निघते. सकाळची फुलं चालू राहू देत, ती बंद करायला सांगितलीस तर उगाच रुसवे होतील.

सुरतवालीला मात्र पाळीत घालायची घाई नको. आधी नुसती हाक मार. दहा-अकरा वर्षांचा खुलासा देऊ नकोस, माफी मागू नकोस, 'किती वर्षं झाली गं' हेही नको, कारण त्यावर तिला काय उत्तर देता येईल? तिलाही तेवढीच वर्षं झालीत. काहीतरी बारीक, तिचं-तुझंच असं लिही, आणि एका ओळीत उत्तर देता येईल असा प्रश्न विचार. आयर्विन पुलावर सायकलची चेन पडायची ती तुझी की माझी, असं काहीही. उत्तर आलं तर आलं. नाही आलं तर दिवाळीला पुन्हा एकदा लिही, आणि त्यानंतर तिचं तिच्यावर सोड. काही मैत्रिणी न भेटण्यातच बऱ्या असतात. तिची कारणं तिला असतील, आणि ती तुला सांगायला ती बांधलेली नाही.

वाचनगटाला सांगायचं की नाही हे तू ठरव. मी असते तर सांगितलं असतं, आणि पुढच्या महिन्याला तीच कादंबरी लावली असती. वालियावरून जी चर्चा होईल ती तुमच्या नेहमीच्या वजनदार कादंबरीवर होत नसेल, हे लिहून ठेव.

खोक्यातली ती प्रत मात्र सेलला जाऊ देऊ नकोस. मुलीकडून मागून घे. तिच्यासमोर माग, गुपचूप काढू नकोस. चौथा भाग, 'फॉरेव्हर इन ब्लू', २००७ चा, कॉलेजातला. तो तुला लायब्ररीत मिळेल. पाचवा २०११ चा आहे, त्यात त्या चौघी तिशीला टेकल्यात. भाचीने तो मला दिला नव्हता, नंतर मी स्वतः मिळवून वाचला. तो लाँड्रीत वाचू नकोस, आणि घरात एकटी असताना तर मुळीच नको. का, ते मी सांगणार नाही.

तुझी,
ताई

ता. क. तुझं पत्र आल्यावर इरकल कपाटातून काढली. घडीवर दोन ठिकाणी विरली आहे, डाग मात्र तसाच. इंदूरच्या त्या सहा आकड्यांच्या आधी दोन लावून फोन करून पाहिला, तो कुठल्याशा वकिलांच्या ऑफिसात लागला. त्यांनी फार आदबीने 'नंबर गलत है' म्हणून सांगितलं. तिचा धाकटा भाऊ पुण्यातच कोथरूडला असतो असं मागे कुणीतरी बोललं होतं. उद्या त्याचा पत्ता शोधते.